मोटारीचं दावं

मंगरुळपीरला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो, त्या ढोरडाक्टरांनी आयुष्यात एकच मोटार विकली. ती विकायला त्यांनी इतका वेळ घेतला की तेवढ्यात आमच्या गल्लीतली दोन लग्नं जमली, मोडली आणि पुन्हा जमली. मी वाढवून सांगतोय असं ज्यांना वाटेल त्यांनी मंगरुळपीरला जाऊन विचारावं. तिथले लोक तीन लग्नं सांगतील.

ढोरडाक्टर हा शब्द मी हलकेपणाने वापरत नाही. गुरांच्या दवाखान्याच्या पाटीवर त्यांच्या हुद्द्याचं लांबलचक सरकारी नाव होतं, पण ते नाव पुरतं उच्चारेपर्यंत म्हैस दगावायची. म्हणून लोक ढोरडाक्टर म्हणत, आणि ते स्वतःही तसंच म्हणत. मी हायस्कुलात भूगोलाचा मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा ते नुकतेच रिटायर झाले होते. उंच माणूस, खांद्यात जरासा वाकलेला, भर वैशाखात गळ्यात मफलर. उजवा हात कोपरापर्यंत डाव्या हातापेक्षा चांगलाच गोरा. एस.टी. स्टँडवरचा हॉटेलवाला चाचा सांगायचा, की त्या हाताचं अर्धं आयुष्य गाईंच्या पोटात गेलं, त्याला ऊन लागलंच कधी? मी हे शंभर टक्के खरं मानतो.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही. म्हणाले, "चालून दाखवा."

"कुठे?"

"इथंच. अंगनात. तुळशीपासून विहिरीपर्यंत."

मी चाललो. ते बाजेवर बसून माझ्या पायांकडे बघत होते. परत फिरलो तसे म्हणाले, "मास्तर, उजव्या पायात कमी हाय."

खरंच माझ्या उजव्या टाचेला कुरूप होतं. मी थक्क झालो. तेवढ्यात घरातून काकूंचा आवाज आला, "अवो, भाडेकरू हाय तो! गोऱ्हा नाही!"

"भाडेकरू हाय म्हनूनच पाह्यतो. गोऱ्हा तं विकून टाकता येते."

मला खोली मिळाली. कुरुपाला गुरांचा मलमही मिळाला, आणि त्या मलमाने माझं कुरूप तर गेलंच, पण टाचेवर महिनाभर केस आले होते.

तर ती मोटार. कुठल्याशा साहेबाकडून, त्या साहेबाला कुठल्याशा जहागीरदाराकडून, आणि जहागीरदाराला ती देवाकडून मिळालेली असावी, इतकी जुनी. काळी, लांब नाकाची, दिव्यांचे डोळे बाहेर आलेली. बॅटरी नावाला होती. पुढच्या भोकात लोखंडी हँडल घालून गरागरा घुमवल्याशिवाय ती सुरू होत नसे, आणि एकदा सुरू झाल्यावर थोडा वेळ जरी एका जागी उभी राहिली तरी झोपी जाई. डाक्टर 'सुरू झाली' आणि 'बंद पडली' म्हणत नसत. 'उठली' आणि 'बसली' म्हणत. "गाडी म्हंजे जनावरच हाय मास्तर. फक्त शेन टाकत नाही." ते बॉनेटवर तळवा ठेवून ताप पाहत, आणि आवाज फाटका वाटला तर रात्रभर घोंगडं पांघरून ठेवत.

मानोऱ्याच्या तांड्यांपासून अनसिंगच्या वावरांपर्यंत ती गाडी कोणाला ठाऊक नव्हती? गाय अडली की डाक्टर निघाले. बाई अडली की कोणीतरी धावत यायचं, तेव्हाही डाक्टरच निघायचे. फरक इतकाच की गाईपाशी ते स्वतः थांबत आणि बाईला दवाखान्यात पोचवत. मागच्या सीटवर, वाटेतच, जी पोरं जन्मली त्यांची एक शाळा भरली असती. माझ्याच वर्गात एक होता. तो नकाशात सगळे रस्ते अचूक काढायचा.

मग डाक्टरांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला.

अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली जपा. डाक्टर घरी येऊन म्हणाले, "काही नाही, जरासं धुकं हाय." त्या धुक्यात त्यांनी पुढे वर्षभर गाडी चालवली. एकदा शेलूबाजाराच्या वळणावर समोर लाल एस.टी. उभी होती. डाक्टरांनी गाडी थांबवली, खाली उतरले, बसच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हाल वो माय!" कंडक्टर बाहेर डोकावून म्हणाला, "डाक्टरसाहेब, पॅशिंजर भरून राह्यलो, हालतो दोन मिनिटात." डाक्टर परत येऊन बसले आणि मला म्हणाले, "तांबडी गाय बोलाले लागली, मास्तर. मले आता डोळ्याचंच नाही, कानाचंही औषध पाह्यजे." दोघंही हसलो. मी जरा कमी हसलो, कारण मी शेजारच्या सीटवर होतो.

हसण्यासारखं नव्हतं ते पुढे झालं. रस्त्याच्या मधोमध कडब्याचा ढीग पडलाय असं समजून डाक्टरांनी गाडी त्याच्या बाजूने काढायला घेतली, आणि ढीग किंचाळला. डोक्यावर पेंढ्या घेतलेली एक म्हातारी होती. ब्रेक लागला. म्हातारीच्या लुगड्याला दिव्याची काच टेकली आणि गाडी थांबली. म्हातारीने ओळखलं, "काय वं डाक्टर, मले हाकलता काय!" म्हणून हसली आणि गेली. डाक्टर मात्र तिथेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. त्या दिवशी गाडी बैल जुंपून घरी आणली.

अंगणात आल्यावर त्यांनी हँडल उचललं आणि भिंतीतल्या खुंटीला टांगलं. पूर्वी त्या खुंटीला गाईचं दावं असे. म्हणाले, "इकून टाकू."

संध्याकाळी काकू ओट्यावर आल्या. मला हळूच म्हणाल्या, "मास्तर, गाडीसंगं राह्यले तं हे कोनाचा तरी जीव घेतीन. अन् गाडी गेली तं ह्यायच्याच जीवाचा काय भरोसा? पन जाऊ द्या. चांगल्या हातात जाऊ द्या, इतकंच. फटफटीवानी नको."

फटफटीचं प्रकरण सगळ्या गावाला पाठ होतं. तरुणपणी डाक्टरांकडे एक फटफटी होती. एक गोड बोलणारा माणूस घरी आला, चहा प्याला, काकूंना ताई म्हणाला, कागदावर नाव बदलायचं पुढच्या आठवड्यात करू म्हणाला आणि फटफटी घेऊन गेला. तो आठवडा कधी आलाच नाही. पुढे कित्येक वर्षं पोलीस दारात येत, "डाक्टरसाहेब, तुमची फटफटी मानोऱ्याच्या जंगलात सापडली. मोहाच्या दारूच्या ट्युबा व्हत्या वर." "माही नाही ते." "नाव तं तुमचं हाय." शेवटी शेवटी तो हवालदार आणि डाक्टर इतके जिगरी झाले, की काही गुन्हा नसला तरी हवालदार चहाला यायचा आणि सवयीने विचारायचा, "फटफटीचं काय?"

म्हणून डाक्टरांनी या वेळी कायदे केले. गुरांचा बाजार हेच त्यांचं विद्यापीठ, सगळे कायदे तिथलेच. गिऱ्हाइकाला घर दाखवायचं नाही. "गोठा पाह्यला की त्याले कळते आपल्यापाशी अजून काय काय हाय, कुत्रं हाय का नाही, रात्री कोन झोपते." गाडी दाखवायची ती भर बाजारात, चार माणसांसमोर, दिवसाउजेडी. विकणाऱ्याने एकटं जायचं नाही. गोड बोलणाऱ्याला किंमत वाढवून सांगायची. ओळखीच्या माणसाला विकायची नाही, "मंग जनावराले मारलं तं त्यालेही बोलता येत नाही अन् आपल्यालेही झोप येत नाही." आणि अकोल्याला जाऊन कागदावर नाव बदलल्याशिवाय चाक हलवायचं नाही. मग तो साक्षात पीरबाबा का असेना.

आणखी दोन कायदे होते, ते खास त्यांचे. पहिला बुटाचा. गाडी चालवून बघायची असेल तर चालवणाऱ्याने डाव्या पायातलं पायताण काढून ठेवायचं. चाचाने विचारलं, "डाक्टरसाहब, आदमी गाडी लेके भागेगा तो क्या एक चप्पल के लिए वापस आएगा?"

"वापस नाही येत रे बावा. पन दोन्ही चपला घातलेला मानूस गर्दीत मिसळून जाते. एक घातलेला नाही मिसळत."

दुसरा कायदा दाव्याचा, आणि तो जरा नीट सांगायला हवा. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नसत. सौदा झाला की विकणारा जनावराच्या गळ्यातलं आपलं दावं सोडून घेतो आणि घरी आणून खुंटीला टांगतो, म्हणजे गोठ्याची बरकत गोठ्यात राहते. घेणारा स्वतःचं नवं दावं घेऊनच बाजारात येतो. सौदा होईपर्यंत मात्र मालकाने दावं हातातून सोडायचं नाही.

"मोटारीला कुठलं दावं?" मी विचारलं.

त्यांनी खुंटीवरचं हँडल काढून माझ्यासमोर धरलं. "हे काय व्हय मंग?"

ही गोष्ट त्यांनी बाजारात प्रत्येकाला इतक्यांदा सांगितली, की अनसिंगच्या बाजारातल्या बैलांनाही ती पाठ झाली असावी.

अनसिंगचा बाजार त्यांनी मुद्दाम निवडला, कारण तिथे गुरांची गर्दी होती आणि गर्दीतले निम्मे लोक त्यांचे पेशंट होते, म्हणजे पेशंटांचे मालक. गाडी तिथवर न्यायला त्यांनी एक माणूस धरला, मानोऱ्याकडचा. फौजेत ड्रायव्हर होता, नुकताच घरी आला होता. सगळे त्याला फौजीच म्हणत. कमी बोलायचा, पण गाडी अशी चालवायचा की मागे बसलेल्या काकूंच्या हातातलं ताक हिंदकळायचं नाही. डाक्टर शेजारी बसून कान लावून ऐकत. एकदा म्हणाले, "मास्तर, हा मानूस गियर बदलते तवा गाडीले सांगून बदलते."

बाजार भरत गेले. गाडी लिंबाखाली उभी, डाक्टर बाजेवर, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं हँडल, बाजूला फौजी पायताणं सांभाळत. गिऱ्हाइकं येत. डाक्टर त्यांना चालून दाखवायला लावत. कोणाची मान बरोबर नसे, कोणाचा श्वास. एका सावकाराच्या मुलाला तर त्यांनी सरळ सांगितलं, "तू मारशीन गाडीले. तुह्या बैलाच्या पाठीवर वळ पाह्यले मी." पोरगं रागावून निघून गेलं. फौजी त्याची एक चप्पल हातात धरून मागे धावला.

आणि मग एका बाजाराला ते दोघं आले.

टेरिलिनचे शर्ट, काळे चष्मे, केसांना इतकं तेल की त्यात भजी तळता आली असती. एक जाडा, एक बारका. आल्या आल्या बारक्याने डाक्टरांच्या पायाला हात लावला. "डाक्टरसाहेब, तुमचं नाव लै ऐकलं. असे देवमानूस आता राह्यले नाहीत."

"किंमत वाढली," डाक्टर माझ्या कानात म्हणाले. पण मला दिसलं, त्यांना बरं वाटलं होतं.

जाड्याने चालवून बघायची म्हणून डावा बूट काढून दिला. चकचकीत, नवा. इतक्या सहज काढला की मीच विचारात पडलो. फौजीने तो बूट हातात घेऊन आतून पाहिला, मग जाड्याकडे पाहिलं. "साहेब, मी येतो संगं," तो डाक्टरांना म्हणाला.

"तू बूट सांभाळ. आमी हावो ना दोघं." आम्ही दोघं म्हणजे एक डोळे गेलेला आणि एक भूगोलाचा मास्तर.

फौजीने गाडी उठवून दिली, हँडल डाक्टरांच्या हाती ठेवलं आणि आम्ही मागे बसलो. जाडा चालवायला, बारका शेजारी. गाव मागे पडलं. बाभळींच्या टापूत आल्यावर जाड्याने गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. बारका मान वळवून म्हणाला, "डाक्टरसाहेब, मागचं टायर बसल्यावानी वाटते. तुमच्या नजरेनं एकडाव पाह्यता काय? आमाले काय समजते?"

"पाह्यतो ना," डाक्टर म्हणाले आणि उतरले. त्यांना आधार द्यायला दुसऱ्या बाजूने मी उतरलो. डाक्टर वाकले, टायरपाशी नाक नेलं, बोटाने दाबलं. "टायर तं..." ते म्हणाले, आणि टायर त्यांच्या बोटाखालून निघून गेलं.

मी धावलो. त्या दिवशी मी जितका धावलो तितका नंतर कधी धावलो नाही, पण गाडी धुरळ्याचा डोंगर करून त्याच्यापलीकडे गेली. परत आलो तर डाक्टर बाभळीच्या विरळ सावलीत दगडावर बसलेले. घामाने मफलर भिजलेला. हँडल मांडीवर.

"चला, पोलिसात जाऊ!" मी ओरडलो.

"बसा मास्तर. पुढं काय हाय ह्या रस्त्याले?"

मी भूगोलाचा मास्तर, मला रस्ता पाठ होता. "रेल्वेचं फाटक."

"गाडीचा टाइम काय झाला?"

"येईलच आता."

"मंग फाटक लागलेलं हाय. फाटकापाशी ते थांबतीन. थांबली की बसन." त्यांनी हँडलवरून हात फिरवला. "बसली की कोन उठवते तिले?"

फाटकावर जे झालं ते मी पाहिलं नाही. पण ज्यांनी पाहिलं अशी इतकी माणसं मला पुढे भेटली, की त्या दिवशी सगळा तालुका फाटकावर उभा असावा. त्यात माझी भर अगदी थोडी आहे.

फाटक लागलं होतं. बाजारातून परतणारी माणसं, बैल, बकऱ्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया, सगळे खोळंबले होते. त्यांच्या मागे काळी गाडी येऊन थांबली, दोन उचक्या दिल्या आणि बसली. आगगाडी गेली, फाटक उघडलं, बैल निघाले. गाडी बसलेलीच. बारक्याने सगळी बटणं दाबली. दोघं उतरून ढकलायला लागले, पण फाटकाकडे चढ होता आणि ती गाडी म्हणजे लोखंडी हत्तीण. जाडा लोकांना म्हणाला, "भौ, जरा धक्का मारा ना."

माणसं आली. पण हात लावायच्या आधी तांड्यावरचा एक म्हातारा, नुकताच बैल घेऊन निघालेला, गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"गाडी तं ढोरडाक्टरची हाय."

"व्हती. आता आमची हाय. आत्ताच घेतली बाजारात."

"घेतली? बरं झालं. मंग दावं काढा ना तुमचं."

"कसलं दावं?"

असं म्हणतात की बैलांनीसुद्धा रवंथ थांबवला.

"बाप्पा, जनावर घेतलं अन् दावं नाही आनलं?" म्हातारा म्हणाला. मग त्याची नजर खाली गेली. जाड्याच्या उजव्या पायात चकचकीत बूट, डाव्या पायात नुसता मोजा, आणि तापलेल्या मातीत तो पाय वर-खाली नाचत होता. "अन् बूट तं अजून डाक्टरपाशीच हाय. म्हंजे सौदा झाला नाही. सौदा नाही झाला तं मालक गाडीत पाह्यजे." त्याने मागच्या खिडकीतून आत वाकून पाहिलं. "मालक कुठं हाय?"

बारका पळाला. पण समोर बकऱ्या होत्या. बकऱ्यांच्या कळपातून टेरिलिनच्या पँटमध्ये पळणं हे काम किती अवघड आहे ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. एका बाईने डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि त्याची कॉलर धरली. तिचं पोरगं त्याच गाडीत जन्मलं होतं.

आम्ही दगडावर बसून होतो. बऱ्याच वेळाने डाक्टरांनी मान वर केली. "येऊन राह्यली." मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग वळणावर गाडी दिसली. इंजिन बंद, स्टिअरिंगवर म्हातारा, ज्याने उभ्या जन्मात बैलाच्या कासऱ्याखेरीज काही धरलं नव्हतं. मागून ढकलत होते ते दोघं, आणि त्यांच्या मागे बाजार, बैल, बकऱ्या, टोपल्या, जणू नवरदेवाची वरात. जाडा एका पायाने लंगडत होता. कोणी मदतीला सरसावलं तरी लोक गाडीला हात लावू देत नव्हते. "ढकल बे! डाक्टरच्या गाडीनं ओढलं आमाले, आता तू ढकल!"

डाक्टर आधी गाडीपाशी गेले. बॉनेटवर तळवा ठेवला. "घाबरली हाय," म्हणाले. मग जाड्याच्या दिशेने वळून म्हणाले, "बाजारात चाल. बूट घेऊन जा तुहा. ठान्यात एका पायानं जाशीन काय?"

बाजारात हवालदार होताच, तोच तो फटफटीवाला. दोघांना ताब्यात घेता घेता त्याने डाक्टरांकडे बघून सवयीने तोंड उघडलं. डाक्टर म्हणाले, "फटफटीचं इचारू नका आज."

लोकांसाठी गोष्ट इथे संपली. महिनाभर चाचाच्या हॉटेलात दुसरा विषय नव्हता. पण घरी डाक्टर जेवेनात. तिसऱ्या दिवशी ओट्यावर ते मला म्हणाले, "मास्तर, कायद्यात चूक नव्हती. चूक माही व्हती. त्यानं टायर पाहा म्हनलं, मी वाकलो. मले टायर दिसतच नव्हतं. तरी वाकलो. चार मानसात कसं म्हनू दिसत नाही म्हनून? त्यानं तेच ओळखलं. टेरिलिनवाल्यानं एका घडीत ओळखलं, अन् मी काकूपासून वर्षभर लपवून राह्यलो."

दारामागून काकू म्हणाल्या, "काकूले पह्यल्या दिवसापासून मालूम हाय."

डाक्टरांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "आता कोनालेच नाही इकत. उभी राहू द्या अंगनात. गंजू द्या."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. गाडी अंगणात राहिली तर एक दिवस हा माणूस हँडल काढून निघणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. एखाद्या रात्री तांड्यावर कोणी अडलं आणि कोणी धावत दारात आलं, तर डोळे आहेत की नाहीत हे त्यांनी विचारलंच नसतं.

पुढच्या बाजाराला मी आणि काकूंनी त्यांना कसंबसं अनसिंगला नेलं, शेवटचं म्हणून. फौजीनेच गाडी आणली, लिंबाखाली उभी केली आणि हँडल डाक्टरांना देऊन गर्दीत निघून गेला. डाक्टर बाजेवर तोंड पाडून बसले. थोड्या वेळाने समोर पावलं थांबली.

"जयभीम साहेब. गाडी इकायची हाय म्हनते."

डाक्टरांनी मान वर केली. आवाज ओळखला नाही असं होणंच शक्य नव्हतं. मी हसायला तोंड उघडलं तर काकूंनी मला चिमटा काढला, जो मला अजून कधी कधी दुखतो.

"गाव कोनतं?" डाक्टरांनी विचारलं.

"मानोऱ्याच्या अंगाले हाय, साहेब."

"इथं कोन ओळखते तुमाले?"

"हे मास्तर ओळखते."

"मास्तरचं काही खरं नाही. बेडूक पाह्यला तं मगर सांगते. दुसरं कोन?"

"दुसरं कोनी नाही. तुमी तं ओळखीच्याले इकत नाही म्हनते, म्हनून अनोळखी होऊन आलो."

डाक्टरांच्या मिशा हलल्या. "चालून दाखवा."

फौजी चालला. लिंबापासून गाडीपर्यंत आणि परत, फौजेतल्यासारखा, ताठ. डाक्टर डोळे मिटून ऐकत होते. "पाय बरोबर हाय," म्हणाले. "काय करसान गाडीचं?"

"मानोरा-मंगरूळ पॅशिंजर. अन् कोनी अडलं तं दवाखाना."

"पैसे घेसान अडलेल्याचे?"

"तुमी घेत व्हते?"

फौजीने वाकून स्वतःच डावा बूट काढून बाजेपाशी ठेवला. मग पाठीमागे धरलेली एक लांब वस्तू, जुन्या खाकी कापडात गुंडाळलेली, त्यांच्या मांडीवर ठेवली. डाक्टरांनी कापड सोडलं. लोहाराकडून घडवून आणलेलं नवं कोरं हँडल. ते बोटांनी चाचपत राहिले, मुठीपासून टोकापर्यंत.

"दावं आनलं," ते म्हणाले.

"आमच्या बानं मेलेली ढोरं ओढाचा दोर फेकला तो फेकला, साहेब. छप्पन सालापासून घरात कोनी दोर धरला नाही. म्हनून लोखंडाचं आनलं."

बाजाराचा गलका चालू होता. डाक्टरांनी ते नवं हँडल नीट गुंडाळून परत फौजीच्या हातात दिलं आणि त्याचा हात हातात धरून ठेवला. बराच वेळ. "बूट घाल," म्हणाले. "अकोल्याले जाऊ. नाव बदलल्याबिगर चाक हालनार नाही. तू असला तरी."

आम्ही अकोल्याला गेलो, नाव बदललं आणि गाडी गेली. डाक्टरांनी जुनं हँडल खुंटीला टांगलं. काकूंना जी भीती होती ती खरी होईल असं काही दिवस मलाही वाटलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवायला उठवलं तर म्हणत, "उठवू नका, बसलो."

मग गुरुवार आला. आमच्या गावच्या पीरबाबाच्या दर्ग्यात गर्दीचा दिवस. मानोऱ्याकडची पॅशिंजर घेऊन काळी गाडी आमच्या दारासमोर आली, थांबली, दोन उचक्या दिल्या.

"बसली, डाक्टरसाहेब!" फौजी ओरडला. "दावं घरीच राह्यलं माहं. तुमचं देता काय?"

डाक्टर ताडकन उठले. "दावं देत नसते कोनाले!" भिंत चाचपत, खुंटीवरून हँडल काढून ते बाहेर आले. पॅशिंजर खिडक्यांतून बघत होते. त्यांनी भोक बोटाने शोधलं, हँडल घातलं आणि त्या गोऱ्या हाताने असा झटका दिला की गाडी पहिल्याच फेऱ्यात उठली. बॉनेटवर तळवा ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले. "पानी कमी हाय हिले," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दोनदा भाजी मागून घेतली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. एकदा मी फौजीच्या बाजूच्या दाराने आत डोकावलो तर त्याच्या सीटखाली खाकी कापडातलं ते नवं हँडल पडलेलं. फौजीने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काचेवर लावली. मीही आकाश बघत परत फिरलो.

पावसाळा सरताना एका संध्याकाळी डाक्टर ओट्यावर बसले होते. आता त्यांना उजेडाखेरीज काही दिसत नव्हतं. एकदम म्हणाले, "मास्तर, त्याचं दावं सीटखाली हाय, नाही काय?"

मी सावध झालो. "तुम्हाला कसं कळलं?"

"गाडी थांबते तवा लोखंड वाजते. पह्यल्या गुरुवारीच आयकलं मी."

"मग त्याला म्हणालात का नाही?"

"कायले म्हनू? म्हनलं तं तो थांबन काय इथं?" ते थोडा वेळ हात चोळत बसले. मग म्हणाले, "तुमी भेटले तं सांगजा त्याले, फडकं जरा जाड गुंडाळ म्हनाव. वाजते ते. वाजलं की मले हँडल माराले लाज वाटते."

मी सांगितलं. पुढच्या गुरुवारी गाडी दारात थांबली तेव्हा आत काहीच वाजलं नाही.

"बसली, डाक्टरसाहेब!" फौजी ओरडला.

डाक्टर आधीच खुंटीपाशी उभे होते.